थांबवून ठेवलेलं मूल

वैजयंती कुबलच्या मुलीचं, स्वरालीचं, लग्न झालं ते दोन हजार त्रेचाळीस साल. निवतीच्या गाबीतवाडीत ते लग्न अजून आठवतात, पण नवरीमुळे नव्हे. पंगत बसली होती आणि वाढणाऱ्यांत नवरीचा भाऊ हर्षल होता. भाताचं घमेलं घेऊन तो वाकला आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. पांढऱ्या भातावर लाल. कुणी कांदा फोडून हुंगायला दिला, कुणी डोक्यावर पाणी थापलं, कुणी म्हणालं ऊन बाधलं. धार काही थांबेना. नवरी सासरी निघायच्या आधी नवरीचा भाऊ कुडाळच्या दवाखान्यात पोचला होता आणि तिथून मुंबईला. रक्ताचा कर्करोग निघाला.

वैजयंतीला हे एवढंच असतं तरी पुरलं असतं. चौथ्या दिवशी मुंबईहून सुनेचा फोन आला.

मृणाली, तिची सून, साताऱ्याकडची. वेंगुर्ल्याच्या बँकेत नोकरीला आली, हर्षलच्या होडीतून निवतीचं दीपगृह बघायला गेली आणि इथलीच झाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. वाडीतल्या बायका तिला समोर सूनबाई म्हणत आणि मागे घाटी.

"आई," मृणाली म्हणाली, "लग्नाच्या दिवशी सकाळी माझ्या कड्यानं सांगितलं होतं. दिवस राहिलेत."

मूल हवं असणाऱ्या बायका त्या काळी मनगटात एक कडं घालत. अंगाच्या घामावरून त्याला दोन-तीन दिवसांतच चाहूल लागे आणि ते हिरवं होई.

"आणि आता इथले डॉक्टर म्हणाले, आजच्या आज ठरवा. हर्षलला वर्षभर तरी उपचार लागणार. त्याच्याजवळ चोवीस तास माणूस हवं. वॉर्डात जंतू, औषधांचे वास, जागरणं. तिथं पोटुशीनं राहायचं नाही. आणि ह्या उपचारांनंतर त्याला पुन्हा मूल व्हायचं नाही. साठवून ठेवायलाही काही मिळालं नाही, आजारानं आधीच सगळं संपवलं होतं. हे एकच आहे, आई. म्हणून मी विसाव्याची सुई घेतली. बाळाला थांबवलंय."

वैजयंती ओट्यावर बसली होती ती बसल्या जागी थिजली. "थांबवलंस म्हणजे गो काय केलंस? पाडलंस?"

"नाही! थांबवलंय. आहे तिथंच, आहे तेवढंच राहील. हर्षल बरा झाला की सुई बंद करायची. मग ते वाढायला लागेल."

"माणसाचां पोर म्हणजे काय फ्रीजातलो बांगडो? ठेवलां, मगे काढलां?"

पलीकडून हसणं आलं की हुंदका, ते वैजयंतीला कळलं नाही. फोन बंद झाला. तिच्या मुलाच्या अंगात मरण वाढत होतं आणि नातवाचं वाढणं बंद करून ठेवलं होतं. ती ओट्यावरच बसून राहिली.

निवतीच्या किनाऱ्याला लागून समुद्रप्राण्यांचं एक केंद्र होतं. परदेशातलं एक प्राणिसंग्रहालय बंद पडलं तेव्हा तिथले समुद्रसिंह कुणाला नको होते, ते इथं आणून गार पाण्याच्या टाक्यांत ठेवले होते. त्यांना लागणारे तारले आणि बांगडे वैजयंती पुरवी. नवरा वसंत गेल्यापासून तिचं घर त्या टोपलीवर चाले. पहिल्यांदा ते जनावर बघून तिनं तोंडावर पदर घेतला होता. "नाव शिंवाचां आणि मिशो माजराच्यो!" त्यांतल्या एका थोराड मादीला कामगार बायो म्हणत. वैजयंतीची चाहूल लागली की बायो पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांवर उभी राहून भुंके, आणि वैजयंती तिला शिव्या देत पहिला बांगडा तिच्या तोंडात टाकी.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं टोपली खाली ठेवली आणि तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना, केतकी वाघोले यांना, सरळ विचारलं. "डॉक्टरीणबाय, पोटातलां पोर थांबता काय?"

डॉ. केतकी पुण्याच्या, वयानं मृणालीएवढ्याच. त्यांनी टाकीकडे बोट केलं. "ही बायो आत्ता तेच करते."

बायो कडेला आडवी पडली होती, पोटाशी लहान पिल्लू दूध पीत होतं.

"बघा वैजूकाकी, गाईचं, शेळीचं, तुमचं-माझं सगळं एका चालीचं. गर्भ राहिला की आठवडाभरात आईच्या पिशवीच्या भिंतीला चिकटतो, मुळं धरतो, आणि मग थांबायचं नाव नाही. सशीण महिन्यात मोकळी होते, हत्तीण बावीस महिने ओझं वाहते, पण मधे विश्रांती कुणालाच नाही. हिचं तसं नाही. ही व्याली की महिन्याच्या आत पुन्हा नराकडे जाते. हे पिल्लू अंगावर पितंय, आणि पोटात दुसरा गर्भ आहे. वाळूच्या कणाएवढा. तो कुठं चिकटत नाही. तीनेक महिने नुसता तरंगत राहतो, मग रुजतो."

"आणि जागा? एका बाजूक बाळंतीण, दुसऱ्या बाजूक गरोदर?"

"हिच्या पिशवीला दोन शिंगं असतात, दोन खोल्या म्हणा. एकीतून पिल्लू बाहेर पडलं की पुढचं बहुधा दुसरीत."

"पण कित्याक ह्यो नसत्यो उठाठेवी?"

"समुद्रात हे सगळे पांगलेले असतात. किनाऱ्यावर एकत्र येतात ते वर्षातून एकदाच. व्यायचं तेव्हा आणि नर भेटायचा तोही तेव्हाच. पण पिल्लू पोटात वाढायला वर्ष लागत नाही. मग उरलेले महिने कुठं घालवायचे? थांबण्यात घालवायचे. अस्वलीण हेच करते, कांगारू करते, काही हरणं करतात. माणसाला येत नव्हतं. आता औषधानं शिकवलंय."

औषध कसं शिकवतं, तेही त्यांनी सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक चाखणारा बसलेला असतो. अन्न आलं की तो सांगतो, चला, वाढा. अन्न नसेल तर गप्प राहतो. विसाव्याची सुई त्या चाखणाऱ्याची जीभ बांधून ठेवते. अन्न असलं तरी गर्भाला वाटतं दुष्काळ आहे, आणि तो मरत नाही, वाढत नाही, वाट बघत राहतो.

वैजयंतीनं ऐकून घेतलं. तिला सगळं समजलं असं नाही. पण बायोच्या डोळ्यांकडे बघून तिला वाटलं, एकाला जगवताना दुसऱ्याला थांब म्हणणारी माझी सून काही जगावेगळी नव्हे. तिचं काळीज थोडं जागेवर आलं. त्या दिवशी बायोला दोन बांगडे जास्त मिळाले.

वर्ष गेलं. कसं गेलं ते मुंबईच्या वॉर्डातल्या भिंतींना माहीत. चव्वेचाळीस सालच्या आषाढाच्या शेवटी हर्षल घरी आला. केस नव्यानं आलेले, लहान पोरासारखे मऊ. अंगावर मांस नव्हतं, पण तपासणीत रक्त स्वच्छ निघालं होतं. होडीला हात लावून तो म्हणाला, "माझ्यापेक्षा हीच बरी दिसता." आणि वाडी रडली. मृणालीची सुई त्याच आठवड्यात बंद झाली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आता शरीर आपणहून गर्भाला उठवील. महिना लागेल. दोन महिन्यांच्या आत रुजला नाही तर तो टिकणार नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, पौष्टिक आहार घ्या. हे तर खोकल्याच्या औषधावरही लिहितात.

आणि श्रावण आला.

आता इथं कुणाला दोष द्यावा? ज्या देशांत विसाव्याच्या चाचण्या झाल्या तिथल्या बायकांना श्रावण नव्हता. वैजयंतीनं वर्षभर देवापुढं पदर पसरला होता. झील, हर्षल, घरी येऊ दे, नातवंड येऊ दे, घरातली माणसं कडक व्रतं करतील. देवानं अर्धं दिलं होतं. उरलेलं मागायचं तर बोललेलं फेडायला नको? वाडीची रीत अशी की पोर ज्या पोटात यायचं, व्रत त्याच पोटानं करायचं.

"धरशील मां गो?" तिनं विचारलं.

"धरीन की," मृणाली लगेच म्हणाली.

श्रावणभर मासे बंद. दिवसातून एकदा जेवण. सोमवार, शनिवार, संकष्टी, एकादशी हे आणखी. मृणालीनं एकही मोडलं नाही. वाडीतल्या ज्या बायका तिला घाटी म्हणत, त्याच आता म्हणू लागल्या, "वैजूची सून म्हणजे उपासाची पक्की." वैजयंतीची मान ताठ झाली. सुनेच्या गळ्याची हाडं वर आली होती, ती तिला दिसत होती. उपासाचं तेज, असं ती म्हणे. मनगटातलं कडं मात्र पांढरंच. मुंबईचे डॉक्टर फोनवर म्हणत, धीर धरा.

भाद्रपद लागला आणि हरताळका आली. गणपतीचा आदला दिवस. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असा उपास. नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरायचा, आणि त्या वर्षी मृणालीहून जास्त कारण कुणाला होतं?

सकाळी वैजयंती टोपली घेऊन केंद्रावर गेली. बायो भुंकली नाही. टाकीच्या कडेला तोंड फिरवून पडली होती. डॉ. केतकी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"दाढ सुजली होती. आठवडाभर नीट खात नाही."

"खायत. दाढ काढा नि मोकळी करा."

"दाढ काढली हो. पण ही ह्या साली पुन्हा व्याली, पोटात नवा गर्भ थांबलाय. तो जाईल अशानं."

"कित्याक? पोर थांबलांसा म्हणालंत ना? थांबलल्याक खाणां कशाक होया?"

"थांबलेल्याला नको. उठायला हवं." केतकी सहज बोलत होत्या, डोळे बायोवर होते. "आईच्या अंगावर साठा असला तरच शरीर गर्भाला निरोप देतं, की ऊठ, आता खायला आहे. अस्वलीण हिवाळ्याआधी लठ्ठ झाली नाही तर तिचा गर्भ रुजतच नाही, विरघळून जातो. उपाशी आईचं शरीर हिशेब करतं. दुष्काळ आहे, हे पोर जगणार नाही, मग कशाला..."

त्या थांबल्या. वैजयंतीच्या हातातला बांगडा खाली पडला होता.

"वैजूकाकी, मृणाली काय खाते?"

"आज पाणीसुद्धा नाय," ती म्हणाली. "हरताळका आसा."

"आणि काल?"

"काल... श्रावणापासून..."

डॉ. केतकी ताडकन उठल्या. वर्षभर ही बाई रोज टोपली घेऊन यायची, रोज सुनेचं सांगायची, आणि त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. "काकी, पळा," त्या म्हणाल्या. "अजून मुदत आहे. थोडी आहे. तिला खायला घाला. तेल, मासे, भात, जे असेल ते. आत्ता!"

किनाऱ्यावरून पळताना वैजयंतीच्या पायाखालची वाळू खरोखरच सरकत होती. माझ्या हातानं. माझ्या हातानं मी त्याला उपाशी ठेवलं. देवाकडे पोर मागत होते आणि त्याच पोराला रोज सांगत होते, उठू नको, दुष्काळ आहे.

वाडीच्या देवळाच्या मंडपात बायका पूजेला बसल्या होत्या. समोर वाळूची पिंड, पत्रीचे ढीग, उदबत्त्या. मृणाली पुढच्या रांगेत, हिरव्या साडीत, ओठ सुकून पांढरे झालेले.

दारात वैजयंतीचे पाय अडले. तिला आत्ता आठवलं हा उपास कशाचा ते. हर्षलच्या आयुष्याचा. मरणाच्या जबड्यातून ओढून आणलेला पोर घरी मखराला कागद चिकटवत बसला होता. ह्या दिवशी सवाष्णीनं पाणी प्यायलं तर काय होतं, ते तिनं तिच्या आईकडून ऐकलं होतं, आईनं आजीकडून. एका हाताला झील, एका हाताला नातवंड. निवडायचं कुणी? देवानं? देव तर वाळूचा होऊन समोर गप्प बसला होता.

ती आत शिरली. पूजेतला नारळ उचलला, पायरीवर आपटला आणि पाणी सांडायच्या आत मृणालीच्या तोंडाशी लावला.

"पी."

मृणाली मागे सरकली.

"आई, काय करताय? आज..."

"पी म्हणतंय मी. पोर उपाशी आसा म्हणून उठना नाय. बायोच्या डॉक्टरणीन सांगितल्यान. पी!"

"वैजू!" म्हातारी सुलोचना मेतर पुढून ओरडली. "तुका याड लागलां काय गो? सवाशणीचो उपास मोडतंस? स्वतःच्या झिलाक खातलंस?"

मृणालीनं नारळ दूर ढकलला. "आई, हा हर्षलसाठी आहे. दुसरा कुठलाही मोडा, हा नको."

"माका म्हायत आसा कोणासाठी तां." वैजयंतीचा आवाज चिरफाळला. "मी बावीस हरताळका धरलंय. तुजो सासरो वाचूक नाय. हर्षल माझ्या पोटातसून इलो. त्याचां काय होतलां तां माझ्या माथ्यार. तुझ्या माथ्यार नाय. पी, बाये."

मृणालीनं सासूकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि घोट घेतला.

त्या दिवशी निवतीत जे झालं ते पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. गणपती उद्यावर आलेला, घराघरांत सोवळं, आणि कुबलांच्या परसात तीन दगडांवर बांगड्याची कढी उकळत होती. वासानं शेजारच्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. वैजयंती भाताचे घास कालवून देत होती, मृणाली रडत गिळत होती. मागच्या दारात हर्षल उभा राहून हे बघत होता.

"आये," तो म्हणाला, "माका पण वाढ. माझोच उपास मोडललो आसा तर माका एक तुकडी तरी गावूक होयी."

मृणाली हसली आणि तिला ठसका लागला. वैजयंतीला हसू आलं नाही.

गणपती विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत, बँकेत नोटा मोजताना, मृणालीचं कडं हिरवं झालं. ती नोटा तशाच टाकून घरी आली. वैजयंतीनं कड्याला हात लावला, सुनेच्या पोटाला लावला, आणि मग तिची नजर आपोआप हर्षलवर गेली. जाळ्याची गाठ मारत तो शीळ घालत होता. त्या आनंदाच्या दिवसापासून तिचं हे सुरू झालं. तो शिंकला तरी तिच्या काळजाचं पाणी होई.

मार्गशीर्षात हर्षलच्या दंडावर निळे डाग उठले.

मुंबईला पुन्हा जाणं झालं. रोग परत आला होता, आणि ह्या वेळी डॉक्टर वर्षांची नव्हे, महिन्यांची भाषा बोलत होते. आता मृणालीला थांबवता येण्यासारखं काही नव्हतं. रुजलेला गर्भ कुणाचं ऐकत नाही. तिला दोन्ही ओझी एकदम वाहायची होती. हर्षल म्हणाला, "माका घराकडे न्हेवा. माका समुद्राचो आवाज होयो आणि पोराचो." त्याला घरी आणलं.

सुलोचना मेतर घरी आली नाही, पण तिचं मंडपातलं वाक्य आलं. पाणवठ्यावर, लिलावाच्या जागी, दुकानात, सगळीकडे ते वैजयंतीच्या आधी पोचलेलं असे. ती उत्तर देत नसे. तिनं गुपचूप स्वतः निर्जळी सोमवार धरायला सुरुवात केली. एका सोमवारी किनाऱ्यावर, माशांच्या राशीपुढेच, ती कोसळली. जड पोटानिशी मृणाली धावत आली, मांडीवर डोकं घेऊन तिनं सासूच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं.

"हे काय चालवलंय, आई? रोग उपासानं येत नाही आणि उपासानं जातही नाही."

"मगे तू कित्याक धरललंस?" वैजयंती पुटपुटली.

मृणालीनं सासूच्या कपाळावरची वाळू पुसली. "मी घाटी ना," ती म्हणाली. "मला तुमच्यातली व्हायचं होतं."

वैजयंतीनं तिचा हात धरला. भरतीचं पाणी पायांपर्यंत आलं तेव्हा त्या उठल्या.

वैशाखाच्या शेवटाला मुलगी झाली. अंग भरलेलं, आवाज खणखणीत. हर्षलनं तिला छातीवर ठेवून घेतलं आणि नाव ठेवलं रेवा. "आये," तो एका दुपारी म्हणाला, "लोक काय बोलतत तां माका कळता. माझां आयुष्य जर साबुदाण्यार टांगललां असतां, तर तां कधीच तुटलां असतां. तू बरां केलंस."

"खराच म्हणतंस?"

"खराच. आणि समजा खोटां आसलां तरी, ही बघ." त्यानं रेवाची मूठ उघडून दाखवली.

वैजयंतीनं त्या मुठीकडे पाहिलं. तिला पटलं की नाही, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

मयत निघालं त्या घरात चूल पेटवायची नसते. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात झाकून ठेवलेलं होतं, आणि मृणाली भिंतीला टेकून बसली होती, रेवा दुधासाठी तडफडत होती. बायकांनी ओट्यावरून बघितलं. वैजयंती उठली, चूल पेटवली, पेज केली, त्यात तूप घातलं आणि सुनेपुढं ठेवली. "खा," ती म्हणाली. "दूध तुटतलां." मृणालीनं वाडगा संपवला आणि मुलीला अंगावर घेतलं.

हर्षल वसंत कुबल त्या सकाळी गेला होता. दोन हजार पंचेचाळीस साल, आषाढ शुद्ध सप्तमी. त्याचं वय छत्तीस होतं.